गप्पी
गप्पी : पीसिलिइडी कुलातील गोड्या पाण्यातील एक लहान मासा. याचे शास्त्रीय नाव पीसिलिया रेटिक्युलेटा असे आहे. मूलस्थान व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गुयाना व लगतचा प्रदेश. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी त्रिनिदादहून ब्रिटिश संग्रहालयाकडे याचे नमुने पाठविले. त्यांच्यावरून हे नाव रूढ झाले. नर सु. ३ सेंमी. लांब, सडपातळ व रंगीबेरंगी असतो. मादी त्याहून मोठी, सु. ५ सेंमी., व फिकट रंगाची असते.

हा मासा अंडी घालत नाही. नराच्या गुदपक्षाचे रूपांतर मैथुनांगात झालेले असून फलन मादीच्या शरीरात होते. सु. चार आठवड्यांनी पिले जन्मतात; एका वेळी बहुधा २० ते ५० असतात. मादी शुक्राणू अनेक महिने साठवू शकते. त्यामुळे एकदा समागम झाल्यावर नर नसतानाही तिला अनेक वेळा पिले होतात. पिले दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतात.

पालन : सु. २२° ते २८° से. तापमानाचे, उदासीन ते किंचित अल्कधर्मी पाणी यास मानवते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथील बऱ्याच विहिरींचे पाणी दुष्फेन असते. असे पाणी गप्पीस सहसा बाधत नाही. तथापि ते अतिखारट नसावे. नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून, क्लोरीन निघून गेल्यावर वापरावे. उन्हाळ्यात टाकी उन्हात ठेवू नये. हिवाळ्यातील थंड रात्री तापक वापरणे इष्ट. दर आठवड्यास सु. एक चतुर्थांश पाणी बदलावे.

एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवतात. मोठे मासे पिलांना खातात. म्हणून दाट पाणवनस्पती ठेवाव्यात किंवा मादीस वेगळे करावे. शुद्ध वाण राखण्यासाठी पिलांतील नर-मादी वयात येण्यापूर्वीच विलग करणे आवश्यक असते. नरांतील काही रंगखुणा वाय गुणसूत्रामार्फत बापाकडून मुलाकडे जातात.

उपयोग व धोका : गप्पी डासांच्या अळ्या खातो, म्हणून हिवतापनियंत्रणासाठी तो भारतात अनेक ठिकाणी पाण्यात सोडण्यात आला. पाणी साठवावे लागणाऱ्या भागांत डेंग्यूवाहक एडीस डास टाक्यांत व हौदांत वाढतात. अशा मोठ्या, बंदिस्त हौदांत गप्पी उपयुक्त ठरतो. लहान भांडी मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणे हाच उपाय होय.

मुक्त जलाशयांत गप्पी सोडणे अनिष्ट आहे. नीरा डावा कालवा (१८८५) बारामती व इंदापूर तालुक्यांतून जातो. भीमा नदीवरील उजनी धरणाचा (१९८०) जलाशय इंदापूर तालुक्यास लागून पसरला आहे. एक गाभण मादी कालव्यात पडली, तरी तिच्यापासून नवी वसाहत उत्पन्न होऊ शकते. परका मासा एकदा स्थिरावला की त्याचे उच्चाटन जवळजवळ अशक्य असते व देशी लहान माशांच्या अन्नावर आणि पिलांवर संकट येते. यास्तव अतिरिक्त पिले अन्य पालकांस द्यावीत किंवा नर-मादी विलग ठेवून वाढ रोखावी. टाकी धुतलेले पाणीही ओढ्यात वा कालव्यात न सोडता झाडांना घालावे.