जंतू, जठर आणि कर्करोग

माझे वडील १९७८ साली जठराच्या कर्करोगाने गेले. आजी अखेरपर्यंत म्हणायची, "सुनेच्या तिखट हातानं घात केला." आईने त्यावर कधी उत्तर दिले नाही, फक्त स्वयंपाकातली मिरची कमी केली.

गेल्या वर्षी दुर्बिणीच्या तपासणीत माझ्या जठरात 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जंतू सापडला. "घरात इतिहास आहे, औषध पुरे घ्या," एवढेच डॉक्टर म्हणाले. या जंतूचा कर्करोगाशी नेमका संबंध काय, हे मी त्यानंतर मुळापासून वाचले.

वडील गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठराच्या अस्तराच्या नमुन्यात वाकडे जिवाणू दिसले. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकत नाहीत, अशी तेव्हा वैद्यकाची धारणा होती. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच या जंतूंचे द्रावण प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या घोटाने सिद्ध झाली ती सूज. कर्करोगाचा पुरावा निराळ्या वाटेने आला.

हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि औषध न दिल्यास जन्मभर राहतो. युरियापासून अमोनिया तयार करून तो आपल्याभोवतीचे आम्ल मारतो आणि अस्तरावरच्या चिकट थरात वस्ती करतो. त्याचे काही वाण 'कॅग-ए' नावाचे प्रथिन थेट आपल्या पेशींत टोचतात. सूज वर्षानुवर्षे धुमसत राहिली, तर काहींच्या जठरातल्या ग्रंथी झिजतात, अस्तर आतड्यासारखे होऊ लागते, पेशींची ठेवण बिघडते आणि शेवटी कर्करोग होतो. ही पायऱ्यांची उतरंड पेलायो कोरेया यांनी १९७५ मध्ये मांडली. ती उतरायला दशके लागतात, आणि बहुतेक जण मधल्याच पायरीवर थांबतात.

१९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या १,५२६ रुग्णांचा सरासरी आठेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. संसर्ग नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. जंतूशिवाय हा रोग विरळा, आणि जंतू असूनही शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना त्या काळात तो झाला नाही.

आपल्याकडे तर हा संसर्ग सर्रास आढळतो, तरी देशाच्या बहुतेक भागांत जठराचा कर्करोग तुलनेने कमी आहे. मिझोराम मात्र ठळक अपवाद. तिथे तंबाखूचा धूर मुरवलेले 'तुइबुर' नावाचे पाणी आणि धुरावलेले मांस यांकडे संशोधकांनी बोट दाखवले आहे. जंतूचा वाण, माणसाची जनुके, तंबाखू, अतिमीठ अशा अनेक गोष्टी जमून येतात, तेव्हा रोग होतो. तिखटाविरुद्ध इतका भक्कम पुरावा नाही.

जंतू घालवला की धोका घटतो. ग्रंथी झिजण्याआधी घालवला तर अधिक. पण तो शून्यावर येत नाही. मी दोन आठवडे औषधे घेतली, महिन्याने श्वासाची चाचणी केली. जंतू गेला होता.

वडिलांच्या पोटात तो होता की नाही, हे आता कळणे नाही. आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे तुझ्या आजीला कुणीतरी सांगायला हवं होतं."