केमोथेरपीत प्रोबायोटिक्स: २३ पैकी ४ आणि २३ पैकी ० यातला फरक किती खरा?



"केमो चालू असताना प्रोबायोटिकची कॅप्सूल दिली तर पोट सांभाळलं जाईल का?" सायन्स शिकणाऱ्या माणसाला नातेवाईकांकडून कधी ना कधी हा प्रश्न येतोच. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, पुढे रिसर्च करायचा विचार असेल, तर हा प्रश्न नीट सोडवून बघण्यासारखा आहे. कारण यामागची जीवशास्त्राची गोष्ट इतकी छान जुळते, की पुरावा न बघताच "हो" म्हणावंसं वाटतं. आज आपण पुरावा बघू. विषय आवाक्यात राहावा म्हणून एकच औषध धरू: इरिनोटेकान.

आतड्यालाच त्रास का?

केमोथेरपीची बरीचशी औषधं भराभर विभाजित होणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण आपल्या लहान आतड्याचं अस्तरही तसंच असतं. ते साधारण ३ ते ५ दिवसांत नव्याने तयार होतं. औषधाने ही नवी भरती थांबली की अस्तर विरळ होतं, पाणी शोषलं जात नाही आणि जुलाब सुरू होतात.

डॉक्टर याची तीव्रता ग्रेडमध्ये मोजतात. ग्रेड ३ म्हणजे पेशंटच्या नेहमीच्या सवयीपेक्षा दिवसाला ७ किंवा त्याहून जास्त वेळा जादा शौचाला जावं लागणं. यात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, ॲडमिट करावं लागू शकतं, पुढचा डोस कमी करावा लागतो किंवा सायकल पुढे ढकलावी लागते. म्हणजे जुलाब आटोक्यात ठेवणं हे फक्त पेशंटच्या आरामासाठी नाही, कॅन्सरचा उपचार वेळेवर पूर्ण होणं त्यावर अवलंबून असतं.

इरिनोटेकानचा प्रवास

इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये वापरतात. त्याचं मूळ आहे कॅम्पटोथेसिन. मूळच्या चीनमधल्या एका झाडापासून मिळवलेल्या या रसायनाची रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटाने १९६६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातून प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! आणि आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्या या झाडातही हेच कॅम्पटोथेसिन सापडतं.

आता शरीरात काय होतं ते टप्प्याटप्प्याने बघा.

१. शरीरातली एन्झाइम्स इरिनोटेकानचं रूपांतर एसएन-३८ या खऱ्या मारक रेणूत करतात.
२. यकृत या एसएन-३८ ला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं. पेनाला टोपण लावावं तसं. टोपण लागलं की रेणू निष्क्रिय.
३. हा निष्क्रिय रेणू पित्तासोबत आतड्यात उतरतो.
४. आतड्यातल्या काही बॅक्टेरियांकडे बीटा-ग्लुक्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुक्युरॉनिक आम्ल हे त्यांचं खाद्य, म्हणून ते टोपण काढून घेतात.
५. टोपण गेल्यावर एसएन-३८ पुन्हा मारक होतं, आणि तेही थेट आतड्याच्या अस्तराशेजारी.

२०१० साली मॅथ्यू रेडिन्बो आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की बॅक्टेरियांचं हे एन्झाइम रोखणारे रेणू दिले तर इरिनोटेकान दिलेल्या उंदरांचं आतडं बऱ्याच अंशी वाचतं. हेही काम नॉर्थ कॅरोलिनातलंच.

इथून पुढचा तर्क कुणालाही सुचेल: टोपण काढणारे बॅक्टेरिया त्रास देतात ना? मग 'चांगले' बॅक्टेरिया भरपूर दिले की त्यांची जागा हे घेतील, एन्झाइम कमी होईल, जुलाब कमी होतील.

जरा थांबा. या एका वाक्यात किती गृहीतकं आहेत ते मोजा. कॅप्सूलमधले बॅक्टेरिया जठरातल्या आम्लातून जिवंत जातील. ते आतड्यात टिकतील. ते नेमक्या त्याच बॅक्टेरियांना हटवतील. एन्झाइम पुरेसं कमी होईल. आणि तेवढ्याने पेशंटला फरक पडेल. प्रत्येक बाण वेगळा तपासावा लागतो. उंदरांमधल्या प्रयोगात एन्झाइम थेट रोखलं होतं, प्रोबायोटिक दिलं नव्हतं!

पहिली चाचणी: ४ विरुद्ध ०

स्लोव्हाकियातल्या एका गटाने हा तर्क माणसांत तपासला. २०१५ साली निकाल आले. ४६ पेशंट, २३ जणांना प्रोबायोटिक, २३ जणांना प्लासिबो, १२ आठवडे. ग्रेड ३ किंवा ४ चे जुलाब प्लासिबो गटात ४ जणांना झाले, म्हणजे १७.४ टक्के. प्रोबायोटिक गटात एकालाही नाही.

शून्य! हेडलाइन तयार आहे. पण पी-व्हॅल्यू होती ०.११. तिचा अर्थ कॅल्क्युलेटर न घेता समजून घेऊ.

समजा प्रोबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे ज्या ४ जणांना तीव्र जुलाब झाले, त्यांना ते कुठल्याही गटात असते तरी झालेच असते. मग हे चौघंही केवळ योगायोगाने एकाच गटात पडण्याची शक्यता किती? पहिला कुठल्याही गटात जाऊ दे. दुसरा त्याच गटात जाण्याची शक्यता ४५ पैकी २२, तिसऱ्याची ४४ पैकी २१, चौथ्याची ४३ पैकी २०. तिन्हींचा गुणाकार करा: साधारण ०.११. म्हणजे औषध निव्वळ पाणी असतं तरी असं चित्र नऊ-दहा वेळा चाचणी केल्यावर एकदा दिसलंच असतं.

आता गंमत बघा. प्लासिबो गटात ४ ऐवजी ५ जणांना त्रास झाला असता तर हाच हिशेब ०.०४९ वर आला असता आणि निकाल 'सिग्निफिकंट' म्हणून मिरवला गेला असता. उलट, मूळ ४ तसेच ठेवून प्रोबायोटिक गटातही फक्त एकाला त्रास झाला असता, तर पी-व्हॅल्यू साधारण ०.३५ झाली असती. एका पेशंटवर अख्खा निष्कर्ष हलतो! लहान चाचणीचा अडचणीचा भाग हाच. हे संशोधकांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना २२० पेशंट हवे होते, पण भरती फार हळू झाली म्हणून चाचणी ४६ वरच थांबवावी लागली.

मग मोठी चाचणी झाली

त्याच देशातल्या संशोधकांनी पुढे दोनशेहून जास्त पेशंट घेऊन फेज ३ चाचणी केली. २०२३ मध्ये निकाल आला: तीव्र जुलाबांच्या प्रमाणात दोन्ही गटांत सिग्निफिकंट फरक नाही. कोलोस्टॉमी असलेल्या पेशंटना थोडा फायदा झाला असावा असा संकेत उपगटात दिसला. पण उपगटातला संकेत हा पुढच्या चाचणीचा प्रश्न असतो, या चाचणीचं उत्तर नाही.

म्हणजे प्रोबायोटिक्स कुचकामी? असंही म्हणता येत नाही. मोठ्या चाचणीतलं बॅक्टेरियांचं मिश्रण पहिल्यापेक्षा वेगळं होतं. आणि फिनलंडमधली २००७ ची एक चाचणी बघा: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे १५० पेशंट, औषध ५-फ्लुरोयुरासिल, प्रोबायोटिक लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. ग्रेड ३ किंवा ४ चे जुलाब २२ टक्के विरुद्ध ३७ टक्के, पी-व्हॅल्यू ०.०२७. आशादायक आहे. पण इथे तुलना 'लॅक्टोबॅसिलस दिलं' आणि 'दिलं नाही' अशी होती. प्लासिबो नव्हता, आणि जुलाबाची नोंद बरीचशी पेशंटच्या सांगण्यावर असते. शिवाय औषध वेगळं. इरिनोटेकानच्या टोपणाची गोष्ट इथे लागूच होत नाही.

"देऊन बघायला काय हरकत आहे?"

हरकत असू शकते. केमोनंतर न्युट्रोफिल्स खाली जातात आणि आतड्याचं अस्तर फाटलेलं असतं. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जीव. ते रक्तात उतरून संसर्ग झाल्याच्या, दुर्मिळ पण खऱ्या, केसेस नोंदवलेल्या आहेत. दुसरं, २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या गटाने 'सेल'मध्ये दाखवलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या निरोगी माणसांत मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. म्हणून घरात कुणाची केमो चालू असेल तर आपण नेटवर वाचून कॅप्सूल सुरू करायची नाही. आधी त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारायचं.

आणि घरचं दही-ताक? तेही त्या काळात द्यायचं की नाही, हे डॉक्टरच सांगतील. पण रिसर्चच्या भाषेत ते प्रोबायोटिक नव्हे. कुठला स्ट्रेन, किती संख्येने, हे माहीत नसतं. आयसीएमआर आणि डीबीटीच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रोबायोटिक म्हणायचं तर ओळख स्ट्रेनपर्यंत पटवावी लागते.

पुढचा पेपर वाचताना

'प्रोबायोटिक्समुळे अमुक होतं' असं शीर्षक दिसलं की वहीत पाच ओळी लिहा:

- कुठला स्ट्रेन, किती डोस?
- कुठलं औषध, कुठले पेशंट?
- तुलना कशाशी? प्लासिबो होता का?
- किती पेशंट ठरवले होते, किती मिळाले?
- एक पेशंट इकडचा तिकडे केला तर निकाल टिकतो का?

शेवटची ओळ हाताने गणित करून भरा. सवय लागली की इंटरव्ह्यूत "या पेपरमध्ये काय कमी आहे?" असं विचारल्यावर उत्तर पाठ करावं लागणार नाही. आणि नातेवाईकांचा फोन आला तर "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी तुम्हीच विचाराल: औषध कुठलं चालू आहे, आणि डॉक्टरांशी बोललात का?