काचेचे तुकडे पुन्हा जुळले!

इजिप्त म्हटलं, की डोळ्यांपुढे काय येतं? पिरॅमिड आणि ममी! पण कैरो शहरात आणखी एक खजिना आहे, बरं का! बाब अल-खल्क भागातलं इस्लामी कला संग्रहालय. १९०३ साली उघडलेल्या या संग्रहालयाकडे एक लाखाहून जास्त वस्तू आहेत. सगळ्या काही मांडलेल्या नाहीत, पण ज्या आहेत त्या पाहायलाही दिवस पुरत नाही.

इथला कोंबडा जरूर शोधा! सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीचा हा धातूचा पाण्याचा झारा. त्याच्या तोटीवर चोच उघडून आरवणारा कोंबडा बसलाय. जणू पाणी ओतलं, की कुकूचकू करणार!

मग लाकडी दारं पाहा. त्यांवरच्या चांदण्या लाकडाच्या लहान लहान तुकड्यांच्या आहेत. अखंड फळी का नाही वापरली? इजिप्तची हवा कोरडी आणि उष्ण. मोठी फळी आकसते, वाकडी होते. छोटे तुकडे खाचांमध्ये बसवले, की त्यांना हलायला जागा मिळते आणि दार सरळ राहतं. अशा चांदण्या तुम्हीही काढू शकाल. हवी फक्त कंपासपेटी!

पण सर्वांत देखणे आहेत मशिदींतले काचेचे दिवे. सुलतान हसनच्या मशिदीतले दिवे चौदाव्या शतकातले. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत हंड्या टांगत ना, तसे हे साखळ्यांनी टांगत. आत तेल आणि वात. बाहेरून निळं, लाल, सोनेरी मिनाकाम आणि वळणदार अरबी अक्षरं. दिवा लागला, की अक्षरं उजळायची!

या दिव्यांवर एक भयंकर संकट आलं. २४ जानेवारी २०१४ च्या सकाळी समोरच्या पोलीस मुख्यालयापाशी गाडीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. त्यात माणसं दगावली. संग्रहालयाची छतं कोसळली, कपाटं फुटली, दीडशेहून जास्त वस्तू मोडल्या. साडेसहाशे वर्षं टिकलेली काच क्षणात जमिनीवर विखुरली.

मग काय, सगळं केरात टाकायचं? छे! तज्ज्ञांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले. हा दिव्याचा की कपाटाच्या काचेचा, गळ्याचा की बुडाचा, हे रंग, जाडी आणि वळण पाहून ओळखायचं. एक तुकडा चुकीचा बसला, तर पुढचे सगळे चुकणार. युनेस्को आणि इतर देशांनी मदत पाठवली. सगळ्या वस्तू काही वाचल्या नाहीत, पण बहुतेक वाचल्या. जानेवारी २०१७ मध्ये संग्रहालयाची दारं पुन्हा उघडली.

तेव्हा आई-बाबांबरोबर कधी कैरोला गेलात, तर पिरॅमिड पाहून लगेच परतू नका. एखाद्या दिव्यासमोर दोन मिनिटं थांबा. तो घडवणाऱ्या कारागिराचं कौतुक कराच, आणि ज्यांनी तुकड्याला तुकडा जोडला, त्यांचंही!