जुना पीएस-टू घेताय? आधी स्लिम बघा

२००४ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ ची जाडी ७.८ वरून २.८ सेंटिमीटरवर आणली; हेच ते स्लिम मॉडेल. दोन मुख्य चिप्स एकाच चिपमध्ये बसवल्या, हार्ड डिस्कची जागा काढली, वीजपुरवठा बाहेरच्या अडॅप्टरवर टाकला. खर्च उतरला. मोटरच्या ट्रेऐवजी वर साधं झाकण आलं, आणि कर्जत-खोपोलीच्या पावसाळ्यात ते फार सोयीचं! दमट हवेत लेन्सवर बुरशी धरली, तर झाकण उघडताच समोर दिसते. कापसाने हलकेच पुसता येते. माझी पसंती स्लिमलाच.

 

घेताना अडॅप्टर ८.५ व्होल्टचाच आहे ना, तेवढं नक्की तपासा.