पंचवीस की इप्पत्तैदु?

शिक्षकांना काय मिळते, असे गावात कुणालाही विचारा. पगार आणि सुट्ट्या, हे उत्तर ठरलेले. शिकवणाऱ्या माणसालाही काही साहित्य लागते, त्याचेही कुठेतरी अडते आणि अडले की चार जाणत्यांना विचारावेसे वाटते, ही गोष्ट शिक्षकाच्या घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही. शेतकऱ्याला रयत संपर्क केंद्र आहे, डॉक्टरला दुसरा डॉक्टर आहे. खेड्यातल्या दोनशिक्षकी मराठी शाळेतल्या बाईंनी जायचे कुठे? मी बेळगाव तालुक्यातल्या अशाच एका सरकारी शाळेत शिकवते, म्हणून हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याचे एक बरे उत्तर आपल्या भागात आहे, पण ते बहुधा कागदांच्या ढिगाखाली दबलेले असते.

आधी एका मुलाची हकिकत सांगते. दुसरीतला मुलगा, चुणचुणीत. आई गोकाककडची, त्यामुळे घरात आईशी कन्नड आणि आजीशी मराठी. फळ्यावर लिहून दिलेली बेरीज-वजाबाकी हा पठ्ठ्या पटापट सोडवायचा. पण मी तोंडाने संख्या सांगितली की घोटाळा! ‘पंचवीस’ म्हटले की पाटीवर ५२, ‘त्रेसष्ट’ म्हटले की ३६. वडील एक दिवस शाळेत आले आणि म्हणाले, “बाई, ह्याचं गणितात डोकंच नाही. पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकावं म्हणतोय.” आई मात्र ठाम होती. “दुकानात ह्याला कोणी फसवत नाही बाई. इप्पत्तैदु म्हटलं की बरोब्बर पंचवीसच मोजून आणतोय.”

आईचे बोलणे मी डोक्यात ठेवले. शिक्षकांसाठी छापलेली कैपिडी, म्हणजे मार्गदर्शिका, उघडून पाहिली. तिच्यात अशा मुलांना ‘जादा सराव द्यावा’ एवढेच होते. सराव कशाचा द्यायचा?

आता ते उत्तर. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक जिल्ह्यात ‘डाएट’ ही शिक्षकांच्या प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकात डीपीईपी योजना आली, तिच्या पहिल्या टप्प्यात कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांत आपला बेळगाव जिल्हाही होता. त्या काळात तालुक्याला एक आणि जवळपासच्या शाळांच्या समूहाला एक असे साधन केंद्र मिळाले. समूहाचा माणूस म्हणजे आपला सीआरपी. तो शाळाशाळांत फिरतो आणि महिन्याकाठी सगळ्या शिक्षकांची बैठक घेतो. तिला म्हणायचे समालोचना सभा. कल्पना अशी, की शिक्षकांनी एकत्र बसावे, वर्गातली अडचण मांडावी, कुणी एखादा पाठ शिकवून दाखवावा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलावे.

प्रत्यक्षात काय होते, ते शिक्षकांच्या घरच्यांनी ऐकलेलेच असेल. आधी सुत्तोले वाचायचे, म्हणजे परिपत्रके. मग अमुक माहिती संगणकावर भरली का, दुधाचा आणि अंड्यांचा हिशेब जुळला का, आधार जोडले का. घड्याळाचा काटा पुढे सरकतो, चहा येतो. वर्गाबद्दल बोलायला अर्धा तास उरला तरी नशीब म्हणायचे. यात सीआरपींना दोष देऊन भागत नाही, त्यांच्या डोक्यावरही वरून कागद येतच असतात. शिवाय आमच्याकडे सभा चालते कन्नडमध्ये, आणि समूहात बहुसंख्य शाळा कन्नड असल्यावर ते साहजिकच आहे. मराठी शाळेतले आम्ही दोघे-तिघे मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात भाषांतर करत असतो.

त्या अर्ध्या तासात मी ५२ ची गोष्ट काढली. शेजारच्या कन्नड शाळेतल्या अक्कोर (आमच्या शाळेत ‘बाई’, भिंतीपलीकडे ‘अक्कोर’!) ऐकून हसल्याच. म्हणाल्या, “अहो बाई, तुमच्यात आधी पाच आणि मग वीस. आमच्यात आधी वीस आणि मग पाच. पोरगं मध्ये सापडलंय.”

किती साधी गोष्ट! ‘इप्पत्तैदु’ म्हणजे वीस आणि पाच. कानाला जे आधी ऐकू येते तेच हाताने आधी लिहायचे, २ आणि मग ५. मराठीत ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. कन्नडच्या सवयीने ऐकणारे मूल इमानदारीने ५२ लिहिते. एकोणतीसचे तर विचारू नका. कन्नडमध्ये तो ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस आणि नऊ, हिशेब सरळ. मराठीत तो तिसाला एक उणा, म्हणजे लिहायचा विशीत आणि नाव मात्र तिसाचे. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्याण्णवला तीही मोडते. आपल्याला हे सगळे पाठ असते म्हणून त्यातली अवघड जागा दिसत नाही. ती दिसायला कन्नड शिकवणारे माणूस शेजारी असावे लागते.

हीच गोष्ट महाराष्ट्रात २०१९ साली किती गाजली होती, ते अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि एकच गदारोळ उठला. मराठी बुडाली म्हणून लेख आले, विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची ही नावे लहान मुलांना जड जातात, म्हणून जुन्या नावांबरोबर सोपी रीतही मुलांना दाखवावी. दाक्षिणात्य भाषांत असेच वाचतात, हा मुद्दाही तेव्हा निघाला होता. मला वाटते, त्या वादात आपल्या सीमाभागातल्या एखाद्या आजीला बोलावले असते, तर तिने दोन मिनिटांत निकाल दिला असता. ती बाजारात ‘ऐवत्तेरडु’ म्हणते आणि घरी येऊन ‘बावन्न’ म्हणते, तिचे काही बिघडत नाही.

अक्कोरनी त्यांच्या वर्गातली कार्डे आणून दाखवली. वीसचे एक लांब कार्ड, त्यातल्या शून्यावर बरोबर बसेल असे पाचचे छोटे कार्ड. ठेवले की २५, उचलले की खाली २० आहेतच. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर तशी कार्डे केली, चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग केले. मुले आधी ‘वीस आणि पाच’ म्हणत कार्डे लावायची, मग एका सुरात ‘पंचवीस’. कन्नड घरची मुले ‘इप्पत्तैदु’ही म्हणायची, त्यांना कुणी थांबवले नाही. दिवाळीच्या सुमारास त्या मुलाचे आकडे बरेचसे सरळ झाले. साठीच्या आणि सत्तरीच्या घरात तो अजून अडखळतो, पण तिथे मोठी माणसेही अडखळतात. तो आमच्याच शाळेत आहे, तिसरीत.

शिक्षकांनीच एकमेकांकडून शिकावे, ही रीत आपल्या राज्यात नवी नाही. नलि-कलि तुम्ही ऐकले असेल. नाचत-बागडत शीक, असा त्याचा अर्थ. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले शिक्षक आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत गेले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत एकच शिक्षक अनेक इयत्ता कार्डांवर कसा शिकवतो, हे त्यांनी पाहिले. युनिसेफचे पाठबळ होते. परत येऊन त्यांनी आपल्या मुलांसाठी आपल्या भाषेत नवी कार्डे लिहिली. पुढे ही पद्धत राज्यभर पसरली. मुले पाच गटांत बसतात, कुठे शिक्षक सोबत, कुठे मुलेच एकमेकांना शिकवतात, कुठे एकटेच. पसरताना तिच्यातला जीव थोडा कमी झाला, असे जुने शिक्षक म्हणतात. मलाही ते पटते, कारण आयते हातात आलेले कार्ड आणि आपण खपून केलेले कार्ड यांत फरक पडतोच.

साहित्याचा विषय निघालाच आहे, तर सांगते. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. त्या पैशांतून कार्डशीट, स्केचपेन, रिबिनी आणून आम्ही तक्ते करायचो आणि ते भिंतीवर उंच टांगायचो. मुलांचा हात पोहोचू नये आणि तपासणीला आलेल्या साहेबांची नजर पोहोचावी, एवढी उंची! २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेपासून शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान येते, त्यातून खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळे भागवायचे. म्हणून चिंचोके बरे.

आता फोनवरही पुष्कळ आहे. २०१७ पासून ‘दीक्षा’ आहे, पुस्तकातला क्यूआर कोड टिपला की धडा उघडतो. बालभारतीची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. पण इथे आपला सीमेचा पेच येतो. गणित आणि गोष्टी सीमा मानत नाहीत, परिसर आणि इतिहास मानतात. महाराष्ट्रातल्या चौथीला ‘शिवछत्रपती’, आपल्या चौथीच्या पुस्तकात कर्नाटक. तिकडचे सगळेच इकडे चालत नाही, निवडावे लागते. मला सर्वांत उपयोगी पडले ते बेंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’. तिथे चित्रांची तीच गोष्ट मराठीतही सापडते आणि कन्नडमध्येही. मराठी प्रत मी वाचून दाखवते, कन्नड प्रत मुले घरी आईला वाचून दाखवतात. आपल्या घरांना याहून सोयीचे काय हवे? घरात फोन असेल तर आजच करून बघा, एक गोष्ट दोन्ही भाषांत.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. हरकत नाही. फक्त ते तास मोजताना, त्यांतले किती तास शिक्षक स्वतः बोलला, हेही कुणीतरी मोजावे. पालकांनीही एसडीएमसीच्या बैठकीत भिंत आणि पाण्याची टाकी झाली की विचारावे, “बाई, या महिन्यात सभेत वर्गाबद्दल काय बोलणं झालं?” हा प्रश्न मला आजवर एकाही पालकाने विचारलेला नाही.

आमच्या समूहात आता एवढे ठरले आहे, की सुत्तोले शेवटी वाचायचे आणि वर्गातली अडचण आधी. येत्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पाळी अक्कोरांची आहे. त्यांच्या कन्नड शाळेत मराठी घरची मुले आहेत, आणि त्यांना आखूड आणि लांब ‘ओ’ वेगळे ऐकूच येत नाहीत. ‘कोडु’ आखूड म्हटले तर ‘दे’, लांब म्हटले तर ‘शिंग’. मराठीत हा भेद नाही, त्यामुळे मुले बिचारी वही मागायला जातात आणि शिंग मागून येतात. अक्कोरनी मला आधीच बजावले आहे, “बाई, ह्या वेळी उत्तर तुम्ही आणायचं.” मी माझ्या सासूबाईंना हाताशी घेतले आहे, त्या धारवाडच्या.