गळकं छप्पर आणि विजेचा बोर्ड

परळीच्या माणसाला वीज काही नवी नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली चालू झाला. तिथे कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोराने यंत्र फिरवून वीज काढतात. पाणी नसेल तर वीज नाही. २०१३ सालच्या दुष्काळात पाण्यावाचून हे केंद्र बंद ठेवावे लागले होते.

घरात मात्र उलट आहे. घरात पाण्याची आणि विजेची गाठ पडता कामा नये. पडली तर टी.व्ही. जळतो, फ्रीज जळतो. ती वस्तू पुन्हा आणता येईल. माणूस गेला तर कुठून आणायचा?

पावसाचे पाणी माती, चुना, विटा यांतून झिरपते. वाटेत त्यात क्षार विरघळतात. असे पाणी वीज वाहून नेते. म्हणून भिंत ओली झाली आणि आतली वायर उघडी असली, तर भिंतीतही वीज उतरते. भिंतीला हात लागून झिणझिण्या आल्या, तर ती धोक्याची सूचना समजा.

बोर्डाजवळ पाणी गळू लागले तर आधी काय करावे? बादली नंतर ठेवा. कोरड्या पायांनी, कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करा. पण बोर्डच भिजला असेल तर त्याला शिवू नका. दूर उभे राहा आणि १९१२ या नंबरावर फोन करा. हेही ध्यानात ठेवा, की मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत वीज असतेच.

मग भोक शोधायचे. इथे पुष्कळांची फसगत होते. पाणी जिथे टपकते, तिथेच भोक आहे असे त्यांना वाटते. पण पाणी वासा धरून, वायर धरून लांबवर जाते आणि मग टपकते. म्हणून पाऊस उघडल्यावर, मेन स्विच बंद ठेवून, छपरावर थोडे थोडे पाणी ओता. सुरुवात खालच्या कडेपासून करा आणि हळूहळू वर सरका. दुसऱ्याने आतून पाहावे. ओल दिसली की खडूने खूण करावी. छपरावर चढण्याआधी वरून जाणारी विजेची तार पाहा. तिच्याजवळ जाऊ नका. तार पत्र्याला घासत असेल तर मुळीच चढू नका.

जसे छप्पर, तशी दुरुस्ती. पत्रा बहुधा खिळ्यापाशी गळतो. जुना वायसर काढून नवा रबरी वायसर घाला. खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, खोलगटात नको. माळवद असेल तर गवत उपटा, उंदरांची बिळे बुजवा, पांढरी माती टाकून चोपा. पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार ठेवा. स्लॅब असेल तर पाणी जाण्याची वाट मोकळी करा आणि भेग साफ करून सिमेंटने भरा.

आता वायरीचे पाहू. बाहेरची वायर उतरती येऊन सरळ भिंतीत शिरली, तर पाणी तिच्यावरून घरात येते. म्हणून भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा. पाणी झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच गळून पडते. समुद्रात फिरणाऱ्या बोटीवरही वायरींना असाच झोळ ठेवतात. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. गळती छताखालच्या बोर्डावर येत असेल, तर बोर्डच कोरड्या भिंतीवर हलवा.

भिजलेला बोर्ड वरून वाळला तरी आत ओल राहते. वायरमनने तपासल्याशिवाय स्विच लावू नका. घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा. वीज वाट चुकली की तो क्षणात प्रवाह तोडतो.

आणि कुणी विजेला चिकटलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला बाजूला करा.

छप्पर मृगाआधी पाहावे. पाऊस लागल्यावर धावाधाव होते, आणि घाईत माणूस ओला हात कुठेही लावतो.