मृत्यूच्या नोंदी आणि वारसाचा हिशोब

आजोबांना जाऊन पन्नास वर्षे झाली तरी दुकानाची घरपट्टी त्यांच्याच नावाने येते, अशी घराणी आपल्या बाजारपेठांत पुष्कळ आहेत. धंदा चालू असतो तोवर कुणाचे काही अडत नाही. दुकान विकायचे किंवा त्यावर कर्ज काढायचे ठरले की वंशावळ मागितली जाते आणि धावाधाव सुरू होते.

अशा वेळी आपण वारसांची नावे गोळा करतो. पण नुसत्या नावांनी भागत नाही, मृत्यूच्या तारखा लागतात. समजा, एका बागवानाला दोन मुलगे होते. थोरला बापाच्या आधी वारला आणि धाकटा हयात राहिला, तर थोरल्याच्या मुलांना आजोबांच्या मिळकतीत वारस म्हणून हिस्सा मिळत नाही. आजोबांनी त्यांच्यासाठी एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसियत केली असेल तर गोष्ट वेगळी. तोच थोरला बापाच्या मागे आठ दिवसांनी वारला असेल, तर बापाकडून त्याला आलेला हिस्सा त्याच्या बायकामुलांपर्यंत पोहोचतो. आठ दिवसांच्या फरकावर दुकानाचा हक्क ठरतो आणि घरात मात्र ‘आधी अब्बा गेले की चाचा’ यावर वाद चालतो!

नोंद शोधताना पहिली चूक होते ती ठिकाणाची. मृत्यू जिथे झाला तिथे त्याची नोंद होते. माणूस साताऱ्याचा असला पण मुंबईच्या रुग्णालयात वारला, तर दाखला मुंबई महानगरपालिकेकडे मागावा लागतो. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आपल्या राज्यात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. या कायद्याखाली कोणीही फी भरून नोंदीचा शोध घेण्यास सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. मात्र उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही.

त्याआधीच्या काळासाठी खेड्यापाड्यांत गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, पाहावे. ही जुनी बुके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जुनी पाने मोडीत असली तर वाचणारा जाणकार बरोबर न्यावा. काही नोंदींत नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते, तर काहींत ‘पिंजारी’, ‘मोमीन’ असेही सापडते. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधणाऱ्या कारागिरांनी ही बुके जरूर चाळावीत.

साल आठवत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना तारीख विचारू नये, प्रसंग विचारावा. पानशेत फुटले त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हयात होते का? पहिल्याने 1961 आणि दुसऱ्याने 1967 हाती लागते आणि चाळायची पाने कमी होतात. कब्रस्तानच्या ट्रस्टकडे दफनाची वही असेल तर तीही पाहावी. कबरीच्या कतब्यावर हिजरी सन असेल तर महिनाही नीट वाचावा. हिजरी 1366 हे वर्ष नोव्हेंबर 1946 मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर 1947 मध्ये संपले, त्यामुळे नुसत्या सनावरून इसवी साल ठरत नाही. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरकही पडतो.

नावांचा घोळ वेगळाच. एकाच गावात ‘शेख इब्राहिम’ चार निघतात, तेव्हा बापाचे नाव, वय आणि मोहल्ला जुळवल्याशिवाय उतारा घेऊ नये. बायकांच्या नोंदीत कधी केवळ नवऱ्याचे नाव असते.

नोंद मुळीच न सापडल्यास ‘नोंद उपलब्ध नाही’ असा लेखी दाखला मागून घ्यावा. एक वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नव्याने नोंद करण्यासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे. 2023 च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे. अर्जासोबत दफनाच्या वहीचा उतारा जोडावा आणि वंशावळीत प्रत्येक मरहूमच्या नावापुढे मृत्यूची तारीख लिहूनच ती वकिलाकडे द्यावी.